शिकंज्याचा दांडा

३ फेब्रुवारी

धाकटे,

तीन वर्षांपूर्वी घर सोडताना तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होतीस. 'ताई, माझं काही चांगलं झालेलं ऐकून ज्या दिवशी तुझ्या पोटात दुखणार नाही, त्या दिवशी पत्र लिही. त्याआधी नको.' ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तर कळवते की दुखणं थांबलं. म्हणून लिहायला बसले.

कशावरून थांबलं, तर परवा आपल्या ग्रंथालयातल्या वाचनकक्षाच्या बाई तुझ्या शहरात जाऊन आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचं वर्णन केलं. केवढी मोठी दर्शनी काच, आत शिवणाला दोन मुली, फळ्यांवर रंगवार लावलेलं कातडं, आणि गिऱ्हाईक म्हणे आधी विचारून येतं. मी सगळं ऐकलं आणि एक घासही कमी खाल्ला नाही. एवढंच म्हटलं की काच एवढी मोठी असली तर ऊन थेट आत येतं आणि कापडी बांधणीचा रंग महिन्याभरात उडतो. हे तुझ्या काळजीपोटी म्हटलं. त्या म्हणाल्या, काचेला पडदा आहे. पडदाच लावायचा तर काच कशाला, असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. बघ, किती फरक पडलाय माझ्यात.

घर आहे तसंच आहे. बाबांचा शिकंजा अजून खिडकीखालीच आहे. पुस्तकं दाबून ठेवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पण तू जाताना त्याचा दांडा घेऊन गेलीस, आणि दांडा नसला की शिकंज्याचं मळसूत्र फिरत नाही. पान्याने फिरवून बघितलं, तर त्याचं चौकोनी डोकं झिजायला लागलं. तीन वर्षं मी त्यावर कुंडी ठेवते आहे. शिकंजा मोठीकडे आणि दांडा धाकटीकडे, अशी वाटणी तू कुठे ऐकली आहेस का? पाठवून दे.

जुनं काही उकरायचं नाही असं मी ठरवलं आहे. नकाशाचं तर नाहीच नाही. तो कापला गेला तेव्हा मी खोलीत नव्हते, हे मी तेव्हाच लेखी दिलं होतं, आणि आजही तेच आहे.

तब्येत सांभाळ.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. दोन-दोन मुली हाताखाली असल्या की माणसाला सवड कुठली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायला आले आहेत. जिन्यात भेटले आणि सहज विचारलं, 'बहीण आहे ना तुम्हाला? कशी आहे?' मी सांगायला लागले. त्यांच्या हातातली दुधाची पिशवी गरम झाली तरी माझं संपेना. शेवटी म्हणाले, 'बाई, तुम्हाला बहिणीचा राग नाही. हेवा आहे.' मी म्हटलं, होता, आता नाही. तर म्हणाले, 'मग सोपंच आहे. वही घाला. रोज तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट लिहायची. चाळीस दिवसांत मन वळतं.' मला खरं म्हणजे गरज नव्हती, पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. वही मी स्वतःच बांधली, हाताने शिवून, निळं कापड लावून. तुझ्या दुकानात असती तर काचेत लावली असतीस, अशी झाली आहे.

पहिल्या दिवशी लिहिलं, 'धाकटीची शिवण सरळ असते, पण वेळ फार लावते.' दुसऱ्या दिवशी, 'धाकटी खोटं बोलत नाही, पण ते तिला जमतच नाही.' तिसऱ्या दिवशी, 'माणसं धाकटीला लगेच आपलं मानतात, पण तिने त्यासाठी काय केलं ते मला अजून कळलेलं नाही.' अशी वही छान चालू आहे.

आता कामाचं. ग्रंथालयाने त्या सर्वेक्षणाच्या मालेचे उरलेले एक्केचाळीस खंड बाहेर बांधायला द्यायचं ठरवलं आहे. नकाशा ज्या मालेतला होता, तीच माला. तीन नावं पुढे आली आहेत. दोन मोठे कारखाने आणि तिसरी तू. संचालकबाई नव्या आहेत, त्यांना आपलं काही माहीत नाही. मला बोलावून म्हणाल्या, 'तुमच्या बहिणीचं काम मी बघितलंय, मला आवडलं. पण त्यांच्या जुन्या फाइलवर शेरा आहे. निष्काळजीपणाने नकाशा कापला. आणि खाली साक्ष तुमची. त्या शेऱ्याबद्दल तुमचा अभिप्राय द्या. बहीण म्हणून नको, दुरुस्ती विभागाच्या प्रमुख म्हणून द्या.'

मी म्हटलं, देते. कागद टेबलावर आहे. लिहितेच आहे.

ताई

ता. क. दांडा विसरू नकोस.


८ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी कार्ड येतं आणि त्यावर एकच ओळ. 'ताई, त्या दिवशी तू चहा का विचारलास?'

बरं. होते मी खोलीत. खूश? पण पाठमोरी होते, खळ ढवळत होते. खोलीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. साक्षीत एवढं सगळं लिहायला जागा नव्हती म्हणून 'नव्हते' असं लिहिलं. आणि चहा विचारला तर विचारला. माणूस माणसाला चहा विचारतो. तू म्हणशील की ताईने उभ्या जन्मात कोणाला चहा विचारला नाही, पाहुणे आले तरी त्यांना स्वतः उठावं लागतं. असेल. त्या दिवशी विचारला.

मला आता राग आलाय, म्हणून दांड्याचं बोलूनच टाकते.

मी अकरा वर्षांची होते आणि तू आठ. बाबांनी दोघींना पहिल्यांदा वही बांधायला शिकवलं, आणि दोन्ही वह्या एकावर एक ठेवून शिकंज्यात घातल्या. म्हणाले, 'आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. खळ ओली असताना उघडलं की पुठ्ठे वाकतात, आणि वाकलेला पुठ्ठा मग सरळ होत नाही.' मी उघडलं. तुला वाटलं असेल, ताईला धीर धरवत नाही. बाबांनाही तसंच वाटलं. मला माझी वही बघायची नव्हती. तुझी माझ्यापेक्षा सरळ बसली आहे का, ते बघायचं होतं.

दोन्ही वाकल्या. मी रडले, देवाची शपथ घेतली. पुढच्या वेळी पुन्हा उघडलं. असं चार वेळा झालं. शपथ मी मनापासून घ्यायचे गं, अगदी डोळे मिटून. पण वह्या आत गेल्या की तासाभराने मी शिकंज्यापाशी असायचे. चौथ्या वेळी बाबा ओरडले नाहीत. त्यांनी मळसूत्रातून दांडा उपसून काढला, तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'हा तुझ्याकडे. ताईने मागितला तरी द्यायचा नाही.' तू तो उशीखाली घेऊन झोपायचीस. लोखंडाचा, हातभर लांब. मी शेजारच्या अंथरुणावरून बघत असे.

विश्वास कोणावर आहे, ते मला अकराव्या वर्षीच कळलं. आणि तू जाताना तो बरोबर घेऊन गेलीस. मला काय वाटलं असेल याचा विचार केला होतास?

ताई


१४ मार्च

धाकटे,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि ते परत काढता येईल का हे बघत मी पेटीपाशी उभी राहिले. हात आत गेला, पण कोपराशी अडकला. एक बाई थांबून विचारायला लागल्या, काही पडलं का. म्हटलं, नाही.

पाठमोरी नव्हते. तुझ्या डाव्या हाताला उभी होते.

तू सकाळपासून एकोणीस खंड छाटले होतेस, आणि तो विसावा कटिंग मशीनच्या पात्याखाली होता. घडीचा नकाशा आखूड घडी घालून आत सरकवायचा, म्हणजे कडा छाटताना पातं त्याला लागत नाही. हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. पण त्या खंडात घडी बाहेरपर्यंत आली होती. कडेवर जाडसर रेघ दिसत होती. तू दमली होतीस, तुला दिसली नाही. मला दिसली.

मी तोंड उघडलं. 'थांब' म्हणायलाच उघडलं होतं. हे तू खरं मान नाहीतर मानू नकोस. तेवढ्यात आठवलं की सोमवारी प्रमुखाच्या जागेची मुलाखत आहे, आपण दोघीच आहोत, आणि सगळे तुझ्याच बाजूने आहेत. तोंड तर उघडलेलं होतं. मी म्हटलं, 'चहा टाकू का?'

तू माझ्याकडे बघितलंस. इतकी खूश झालीस. 'टाक ना, ताई,' म्हणालीस, आणि हसत हसत पातं खाली आणलंस.

नकाशाचे सहा तुकडे झाले. तू जमिनीवर बसून ते जुळवत होतीस, आणि मी खरंच चहा टाकायला गेले. साखरही मोजून घातली.

मग साक्ष झाली. तुझं काम गेलं आणि सोमवारी मी एकटीच मुलाखतीला बसले. मला वाटायचं, गडबडीत ती चहाचं विसरली असेल. तू तीन वर्षं ते धरून बसलीस आणि कोणाला सांगितलं नाहीस.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'दांडा गुंडाळून ठेवलाय. पत्ता तोच ना?'

एवढंच? मी इतकं सगळं लिहिलं, आणि तू पत्ता विचारतेस? दोन शिव्या घातल्या असत्यास तर मला झोप लागली असती. आता बसले आहे कार्ड घेऊन. मी कबूल केलं, आणि तरी मोठी तूच झालीस. तुझा हा चांगुलपणा मला लहानपणापासून सहन होत नाही, खरं सांगते. तुझ्या काचेचा, तुझ्या मुलींचा, गिऱ्हाइकांचा हेवा मी एक वेळ गिळेन. पण हे असं दोन शब्दांत मोकळं होता येणं, याचा हेवा फार वाईट.

बघ. म्हणजे दुखणं थांबलेलं नाही. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं.

वहीचे चाळीस दिवस संपले. मास्तरांनी बघायला मागितली. चष्मा लावून पहिल्यापासून वाचली आणि पेन्सिलीने 'पण' मोजत गेले. अडतीस निघाले. म्हणाले, 'दोन दिवस तरी जमलं की.' मी म्हटलं, त्यातला एक दिवस मी तापाने पडून होते, लिहिलंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी नीट बघा, 'परंतु' लिहिलंय. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, 'वाक्य पहिल्या अर्ध्यावरच थांबवायचं, बाई. पूर्णविराम द्यायचा आणि उठायचं.' मी रोज सकाळी ठरवते. वही उघडताना म्हणते, आज थांबायचं. पूर्णविरामापर्यंत येते, आणि मग वाटतं, अर्धवट सोडलं तर खोटं ठरेल.

अभिप्रायाचे पाच मसुदे झाले. पाचव्यातलं वाचून दाखवते. 'त्यांचं काम उत्तम आहे, पण मोठ्या जबाबदारीचा ताण त्यांना कितपत झेपेल, याबद्दल मी खात्री देऊ शकत नाही.' बघ, यात खोटं काहीच नाही. आणि एवढ्याने तुझं नाव बाजूला पडेल. मी सगळे फाडले.

संचालकबाईंनी आज आठवण करून दिली. पुढच्या शुक्रवारपर्यंत अभिप्राय आला नाही तर शेरा तसाच धरून काम कारखान्याला जाईल. म्हणजे मी काहीच केलं नाही, तरी पुरे. आणि काहीच न करणं मला किती चांगलं जमतं, ते तुला माहीत आहे.

पत्ता तोच आहे. पण दांडा इतक्यात टाकू नकोस. का ते मलाच नीट कळलेलं नाही.

ताई


१७ एप्रिल

धाकटे,

या पत्राबरोबर अभिप्रायाची नक्कल आहे. आधी ती वाच आणि मग हे.

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन बसले. एका बैठकीत लिहिलं. नकाशा कापला गेला तेव्हा मी शेजारी उभी होते, घडी चुकलेली मला दिसली होती, मी सांगितलं नाही आणि नंतर खोटी साक्ष दिली. त्याखाली लिहिलं, 'काम माझ्या बहिणीला द्यावं. माझ्या पाहण्यात तिच्याइतकी चांगली बांधणी करणारं दुसरं कोणी नाही.' पूर्णविराम दिला. पेन तिथेच टेकून होतं, पुढचा शब्द तयार होता. मी पेनाला टोपण लावलं, कागद पाकिटात घालून ते डकवलं आणि खाली गेले.

खाली आवक-जावकचे काका असतात, जाडे, तुला आठवत असतील. म्हटलं, 'काका, हे संचालकबाईंना. आणि मी परत मागायला आले तर द्यायचं नाही.'

'म्हणजे?'

'मी येईन. काहीही सांगेन. सही राहिली म्हणेन, चूक राहिली म्हणेन. द्यायचं नाही.'

'बरं,' म्हणाले, आणि पुस्तकात नोंद केली.

दुपारपर्यंत बरी होते. मग वाचनकक्षाच्या बाई पेपर घेऊन आल्या. तुझ्या दुकानाचा फोटो आलाय. तू हसते आहेस, मागे त्या दोन मुली, आणि तुझ्या हाताशी टेबलावर बाबांचा दांडा. पुसून लख्ख केलेला. बाई म्हणाल्या, 'किती छान दिसते हो तुमची बहीण.' मी हो म्हटलं. पेपराची घडी घातली, त्यांना दिला आणि उठले. पायऱ्या उतरताना मला पक्कं ठाऊक होतं की मी काय करायला चालले आहे, आणि पाय थांबत नव्हते.

'काका, ते पाकीट द्या. सही राहिली.'

'सही नसली तर वरून बोलावतील.'

'तारीख चुकली आहे.'

'तारीख माझ्या पुस्तकात आहे.'

'अहो, सकाळचं मी मस्करीत म्हटलं होतं.'

'मस्करी करणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो, बाई. बसा. पाणी घ्या.'

मी आवाज चढवला. मी प्रमुख आहे आणि तुम्ही कारकून आहात, हेही सांगितलं, त्याची लाज आज वाटते. काकांनी पाकीट खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले. मी समोर स्टुलावर बसले. अर्धा तास आम्ही दोघं तसेच बसून होतो. साडेतीनला शिपाई आला, काका उठले, आणि पाकीट गेलं. मग मला रडू आलं. सुटल्याचं होतं की गेल्याचं, सांगता येणार नाही.

घरी येताना बाबा आठवले. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांनी तुला निवडलं. आता वाटतं, त्यांनी मला सुधारायचा नाद सोडला आणि माझी वही वाचवली. पाचव्या वेळची माझी वही सरळ बसली होती. ती अजून माझ्याकडे आहे.

संचालकबाईंनी सोमवारी बोलावलं. 'हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?' मी म्हटलं, 'लिहिलं स्वतःहून. पोचलं काकांमुळे.' त्यांना कळलं नाही, मीही समजावत बसले नाही. चौकशी बसली आहे. तोवर प्रमुखाची खुर्ची गेली, मी पुन्हा शिवणाच्या टेबलावर आहे. तुझ्या फाइलवरचा शेरा काढला. कामाचं पत्र तुला या आठवड्यात मिळेल. खंड न्यायला तू दर महिन्याला येशील, आणि ते तुझ्या ताब्यात द्यायचं काम माझ्याकडे आहे.

पोटात दुखतंय. एक्केचाळीस खंड, धाकटे. माझ्या हातून एकदम बाराही कधी गेले नाहीत. मास्तरांनी विचारलं, मन वळलं का. मी म्हटलं, ते होतं तिथेच आहे. तर तुझी अट पूर्ण झालेली नाही, आणि ती होईल असं मला वाटत नाही. तरी लिहिते आहे.

तू येशील तेव्हा मी नीट वागेन, असं वचन देत नाही. माझी वचनं तुला पाठ आहेत. तूच सांभाळ. मी चहा विचारला की हातातलं काम थांबव आणि घडी तपास.

आणि दांडा पाठवू नकोस. पुढच्या पत्रात मी मागेन. तेव्हाही नको.

ताई